वरच्या दोन फळ्या

“अठ्ठावीस आणि एकोणतीस! हा निकाल आहे की खोलीचं तापमान?”

डॉ. निरगुडकरांनी आलेखाचा कागद भिरकावला. तो नीलिमाच्या अंगावर आपटून खाली पडला. ती वाकून उचलायला लागली, तर म्हणाले, “राहू दे. तुझ्या हातानं उचललेलं काही मला नकोय.”

मी दारात उभी होते. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन सहा आठवड्यांनी त्याच सकाळी कामावर आले होते. साहेबांच्या टेबलावर हजर झाल्याचा अर्ज ठेवायचा आणि उंदरांकडे जायचं, एवढंच मनात होतं. पण आत हे चाललेलं.

“सर, मी सगळं प्रोटोकॉलप्रमाणेच केलं.”

“प्रोटोकॉल मी लिहिलाय! सहा वर्षं पाण्यावरच्या उंदरांचा आकडा चव्वेचाळीसच्या आसपास येतो आणि अर्कावरच्यांचा अठ्ठावीसच्या. तुझ्याआधी दोन विद्यार्थी येऊन गेले, आकडा हलला नाही. तुझीही दोन वर्षं नीट गेली. आणि आता एकदम पाण्यावरचे खाली आले? का, ते मी सांगतो. तू बाटल्यांची अदलाबदल केलीस. पाण्याच्या उंदरांनाही अर्क पाजलास.”

“नाही केली, सर.”

“मग काय उंदरांनी आपापसात वाटून प्यायला?”

नीलिमा चौधरी भुसावळची. वडील रेल्वेत गार्ड. पोरगी साडेपाच फुटांच्या वर, सरळ, कमी बोलणारी. पीएचडीला तिसरं वर्ष चालू होतं. ती रडली नाही. ओठ आत ओढून उभी राहिली. तिचं ते न रडणंच साहेबांना जास्त लागलं असावं.

“शेवटची तुकडी लावायची,” ते म्हणाले. “अठ्ठावीस दिवस. बाटल्या मी स्वतः भरणार, अर्काच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. आकडे नेहमीसारखे आले, तर तू चोर ठरलीस. तुझं रजिस्ट्रेशन रद्द करायचं पत्र मी विद्यापीठाला त्याच दिवशी पाठवीन.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आवाज एकदम मऊ. “या या, घेगडमलबाई! बऱ्या झालात ना? तुमच्यावाचून इथं सगळा विचका झाला. उंदरांना तुमच्याच हाताची सवय.”

बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? सात वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं मला बसायला खुर्ची दाखवली होती.

हे सत्त्याऐंशी सालचं. नाशिकरोडच्या पलीकडे ती संस्था होती. नाव लिहीत नाही, भीती म्हणून नाही. त्या नावाला माझ्या कागदावर जागा द्यायची नाही म्हणून. काम काय होतं ते मात्र सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

उंदराच्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर मसुरीच्या डाळीएवढी एकेक ग्रंथी असते. पुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात, आम्ही अ‍ॅड्रिनल म्हणायचो. जनावर घाबरलं की ही ग्रंथी कामाला लागते, एका हार्मोनचं दुसरं करते आणि रक्तात सोडते. आमच्याकडे उंदीर मारून ती ग्रंथी काढायची, तिच्या चकत्या करायच्या, काचेच्या कुपीत हार्मोन घालून त्यात टाकायच्या आणि कोमट पाण्यात दोन तास हलवत ठेवायच्या. मग बघायचं, शंभर भागांतले किती भाग तिनं पालटले. जास्त पालटले म्हणजे ग्रंथी तापलेली, कमी म्हणजे निवांत. साहेबांनी एका मुळीचा अर्क काढला होता. तो पाण्यातून पाजला की ग्रंथी निवते, असा त्यांचा शोध. साध्या पाण्यावरचे चव्वेचाळीस, अर्कावरचे अठ्ठावीस. या सोळाच्या फरकावर त्यांचे लेख छापून आले, ग्रँट आली, आणि त्या सप्टेंबरात परदेशातल्या परिषदेत भाषण ठरलं.

माझं काम हाताळणीचं. चाळीस उंदरांतला प्रत्येक उंदीर रोज तीन मिनिटं हातात घ्यायचा, पाठीवरून बोट फिरवायचं, बाहीवर चालू द्यायचा, परत ठेवायचा. असं अठ्ठावीस दिवस. म्हणजे शेवटच्या दिवशी माणसाच्या हाताची भीती आकड्यात मिसळत नाही. शेवटच्या दिवशी मीच एकेक उंदीर पात्याखाली धरायची आणि साहेब दांडा ओढायचे.

मी नोकरीत कायम नव्हते. एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा एकोणनव्वद. असं सात वर्षं. घरात मिळवणारी मी एकटी. कायम करायची फाइल त्या वर्षी साहेबांच्या टेबलापर्यंत आली होती. त्यांची शिफारस लागली की मुंबईला जाणार होती. त्या एका सहीसाठी मी सात वर्षं तोंड मिटून होते, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

नवी तुकडी सुरू झाली त्याच दिवशी दुपारी नीलिमा उंदरांच्या खोलीत आली. मी हाताळणी करत होते.

“मावशी, मी बघत उभी राहू का? तुम्ही नक्की काय करता ते मला बघायचंय. माझ्याच हातून का बिघडलं ते कळू दे.”

“बघ की. माझ्याकडे काय जादू आहे?”

मांडणीला चार फळ्या होत्या. वरच्या दोनवर साध्या पाण्याचे पाच पिंजरे, खालच्या दोनवर अर्काचे पाच. हे कधी बदलायचं नाही. बाटल्या गळायच्या. अर्काची बाटली वर असली तर थेंब खालच्या पिंजऱ्यात पडणार आणि पाण्यावरचे उंदीर बाटणार. म्हणून पाणी वर, अर्क खाली. साहेबांनी तसा कागदच डकवला होता भिंतीवर.

मी खालचे वीस उंदीर केले. तास झाला. नीलिमा उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. शेवटचा उंदीर ठेवला, हात धुतले, वही ओढली आणि टिका मारायला लागले.

“मावशी, वरचे?”

“ते… करते नंतर.”

“मी उतरवून देऊ का? तुमचं ऑपरेशन झालंय.” आणि मी नको म्हणायच्या आत तिनं हात वर केला, सगळ्यांत वरचा पिंजरा उचलला आणि टेबलावर ठेवला. टाचाही उचलाव्या लागल्या नाहीत तिला.

माझ्या हातातलं पेन थांबलं.

“नीलिमा, मी नव्हते तेव्हा सहा आठवडे हाताळणी कोण करत होतं?”

“मीच. दौलतदादा म्हणाले, असली लाडाची कामं मला जमत नाहीत.”

“वरच्यांचीसुद्धा?”

“म्हणजे काय, मावशी? चाळीसही हाताळायचे असंच आहे ना? मी तर वरच्यांपासूनच सुरुवात करायचे.”

माझी उंची चार फूट सात इंच. वरच्या दोन फळ्यांवरच्या पिंजऱ्यांची झाकणं मला दिसतसुद्धा नाहीत. पहिल्या वर्षी एक लाकडी स्टूल होतं. त्याचा पाय मोडला. स्टोअरला लिहून दिलं, तीनदा दिलं. स्टोअरकीपर म्हणाला, मंजुरी येऊ द्या. दौलत भुसा बदलायला होता, सहा फुटी गडी. त्याला म्हटलं पिंजरे उतरवून दे. तो म्हणाला, “रोज उतरवा-चढवायचा पगार तुम्ही देणार का, शेवंताबाई?” एक दिवस वरचे राहिले. मग दोन दिवस. मग राहतच गेले. वहीत मात्र चाळीस टिका आणि खाली सही, रोज. वरच्या उंदरांना माणसाचा हात ठाऊक होता तो दौलतचा. आठवड्यातून दोनदा शेपटीला धरून उचलायचा आणि नव्या भुशात टाकायचा.

“स्टूल कोणत्या साली मोडलं?” मी मोठ्यानं म्हणाले.

“कोणतं स्टूल?”

“साहेबांना हा सोळाचा फरक पहिल्यांदा कधी मिळाला गं?”

“एक्क्याऐंशीत. त्याआधीच्या वर्षी दोन्ही गट सारखेच आले होते, सत्तावीस, अठ्ठावीस. सर म्हणतात, तेव्हा अर्क नीट जमला नव्हता.” पोरगी हुशार होती. तिनं मांडणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वहीतल्या टिकांकडे पाहिलं.

“मावशी,” ती हळू म्हणाली, “तुम्ही वरच्यांना हातच लावत नव्हता?”

“पोचत नाही गं मी.”

“म्हणजे अर्कात काहीच नाही. शांत होत होते ते तुमच्या हातानं.” मग तिचा आवाज फुटला. “रोज सही करत होता ना! रोज! मी त्या सह्यांवर तीन वर्षं बसलेय. सर मला सगळ्यांसमोर चोर म्हणतात, आणि तुम्ही… एकदा सांगता नाही आलं?”

तिनं माझा हात धरला. प्रेमानं नाही, पोलीस धरतो तसा. आणि सरळ साहेबांच्या खोलीत नेलं.

मी सगळं सांगितलं. स्टूल, स्टोअर, टिका. निरगुडकरांनी मधे एकदाही अडवलं नाही. टेबलावरचा काचेचा गोळा गोल गोल फिरवत होते.

“झालं?” ते म्हणाले. “म्हणजे माझी सहा वर्षांची अक्कल तुमच्या पंजांवर चालली होती, असं म्हणायचंय?”

“तसंच दिसतंय, सर,” नीलिमा म्हणाली.

“तुला नाही विचारलं. मी स्वतः दांडा ओढतो. पाण्यावरचा उंदीर पात्याखाली किंचाळतो, चावतो, फडक्यात गुंडाळून धरावा लागतो. अर्कावरचा मुकाट येतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो. तो अर्काचा गुण आहे.”

“माझ्या तुकडीत फडकं एकदाही लागलं नाही, सर. पाण्यावरच्यांनासुद्धा.”

“कारण तू त्यांना अर्क पाजलास! फिरून तिथंच येतेस. आणि आता या बाईला पढवून आणलंस. बाहेर हो. आजपासून उंदरांच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मारायच्या दिवशी ये, बर्फाचा ट्रे धरायला.”

ती गेली. दार लागलं. साहेबांनी माझी फाइल खणातून काढली. गुलाबी रंगाची. वर माझं नाव इंग्रजीत टाइप केलेलं. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

“उंची कमी असणं हा काही गुन्हा नाही, बाई.”

“सही करणं आहे, साहेब.”

“छे छे. तुम्ही फार मनाला लावून घेता. शास्त्रात एक गोष्ट असते. पद्धत मधेच बदलायची नाही. बदलली की जुन्याची नव्याशी तुलना होत नाही. सहा वर्षं जसं चाललंय, तसंच चालू द्यायचं. तुम्हाला मी जास्तीचं काही करायला सांगत नाहीये. उलट, काही करूच नका म्हणतोय.” ते हसले. “एवढं सोपं काम सरकारात दुसरं नाही. ही तुकडी झाली की फाइल मुंबईला.”

“आणि ती पोरगी?”

“तरुण आहे. लग्न होईल.”

मी खाली मान घालून “बरं” म्हणाले.

आता इथं तुम्हाला वाटेल, बाईचं मन जागं झालं, बाईला सत्य दिसलं वगैरे. तसलं काही नाही. घरी जाताना मी हिशेब केला तो माझाच. कायम झाले तर आजारपणाची रजा मिळणार, म्हातारपणी पेन्शन. पोरगी परक्याची. तिचा बाप तिला घरी बसवून खाऊ घालील. दोन दिवस मी फक्त खालच्या उंदरांना हात लावला. साहेबानं सांगितलं तसं, काही न करता पगार घेतला.

तिसऱ्या दिवशी दौलत भुसा बदलत होता. वरच्या पिंजऱ्यातला एक उंदीर त्यानं शेपटीला धरून उचलला. उंदीर उलटा लटकून सगळ्या अंगानं झटके देत होता, मुतला त्याच्या मनगटावर. दौलतनं शिवी दिली आणि त्याला पिंजऱ्याच्या कडेवर आपटला.

“अरे, जरा हळू.”

“का? मरायचाच आहे ना पंचवीस दिवसांनी?” दौलत म्हणाला. “आणि साहेबांनीच सांगितलंय मला काल. म्हणे, दौलत, वरच्यांचे फार लाड करू नकोस.”

मला राग आला तो त्या वाक्यानं. माझा हात चुकून पोचत नव्हता. हा निरगुडकर आता वरच्यांना मुद्दाम घाबरवून घेत होता. आणि ते काम त्यानं कुणाकडून करून घेतलं? एकाला शेपटीला धरायला लावलं, दुसरीला हात बांधून बसायला लावलं. स्वतःचे हात कोरडे. दोघांचे पगार त्याच्या सहीनं निघतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी घरून पामतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, पंधरा किलोचा. सिंकखाली पालथा ठेवायचा, वर पोतं. साहेब अकरा वाजता बाटल्या भरून गेले की डबा मांडणीपाशी ओढायचा. त्यावर उभी राहिले की वरची झाकणं छातीशी यायची. हात ताणला की पोटात आतून कळ निघायची, डॉक्टरांनी तीन महिने ताण नको म्हणून बजावलं होतं. पहिले चार दिवस उंदीर चावले. दोन बोटं सुजली. पाचव्या दिवशी एक जण आपणहून तळहातावर चढला आणि मिशा हलवत बसला. मी त्यालाही शिवी दिली.

दौलतनं एकदा पाहिलंच. दारात उभा राहून बघत राहिला.

“काय शेवंताबाई, आज एकदम नटीसारख्या उंच!”

“सांग जाऊन तुझ्या साहेबाला.”

“मला काय करायचंय? विचारत होते ते सकाळी, बाई वर चढते का म्हणून. मी म्हटलं, ती? ती तर एसटीची पायरी चढायला दोन माणसं लावते.” आणि गेला. त्या दिवसापासून भुसा बदलताना तो उंदीर दोन्ही हातांत धरायला लागला. मी त्याचे आभार मानले नाहीत आणि त्यानंही मान वर करून पाहिलं नाही.

मारायचा दिवस उजाडला. लांबट टेबल, त्यावर ते छोटं पातं, खाली ट्रे. निरगुडकर हातमोजे घालून दांड्यापाशी. नीलिमा बर्फ घेऊन बाजूला उभी. तिला काही माहीत नव्हतं. मी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते. बॅग भरूनच आली असावी.

“पाण्यावरचे आधी,” साहेब म्हणाले.

मी वरच्या पिंजऱ्यातला पहिला उंदीर काढला आणि पात्याखाली धरला. तो गप्प होता. नाक हलवत होता फक्त.

साहेबांचा हात दांड्यावर होता. तो तसाच राहिला.

“फडकं कुठाय?”

“लागणार नाही, साहेब.”

“हा ठेवा. दुसरा घ्या.”

दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा. तिसरा तर माझ्या अंगठ्यावर डोकं ठेवून बसला. निरगुडकरांनी दांडा सोडला. त्यांना कुपी नको होती, आकडा नको होता, त्यांना तिथंच कळलं. नीलिमालाही कळलं. तिच्या हातातल्या ट्रेमधला बर्फ खळखळला.

“किती दिवस?” ते म्हणाले.

“पहिले तीन सोडून सगळे.”

“मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“पद्धत बदलायची नाही. भिंतीवर तुमच्या सहीचा कागद आहे. त्यात लिहिलंय, चाळीस उंदरांची हाताळणी. तीच केली. सहा वर्षं पद्धत बदललेली होती.”

“ही तुकडी रद्द!” त्यांनी हातमोजे ओढून काढले. “दौलतला क्लोरोफॉर्मची बरणी आणायला सांगा. सगळे एकदम मारा आणि जाळून टाका. यातला एकही आकडा धरायचा नाही.”

“सर, बाटल्या तुम्ही भरल्यात,” नीलिमा म्हणाली. “किल्ली तुमच्याकडे होती. मी खोलीत पाऊलही टाकलं नाही.”

“रद्द म्हणजे रद्द! नोकरांच्या खोडसाळपणावर शास्त्र चालत नाही.”

“ते सहा वर्षं कशावर चाललं, साहेब?” मी म्हणाले. “आणि ओरडू नका. उंदीर घाबरतात, आकडा वाढेल.”

नीलिमानं ट्रे टेबलावर ठेवला. साहेबांनी टाकलेले हातमोजे तिनं उचलून घातले. ते तिला मोठे होत होते. ती दांड्यापाशी आली.

“मावशी, द्या तो.”

“माझ्या सहीशिवाय या आकड्यांना कुणी विचारणार नाही,” निरगुडकर म्हणाले.

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि तिनं दांडा ओढला.

ते निघून गेले. आम्ही दोघींनी चाळीस उंदीर केले. एकही किंचाळला नाही. वरचेही नाहीत, खालचेही नाहीत. माझ्या हातात आहेत म्हणून मुकाट पात्याखाली येत होते, आणि मी धरत होते. दुसऱ्या दिवशी आकडे आले. अठ्ठावीस आणि सत्तावीस. नीलिमानं ते स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली स्वतःची सही केली, तारीख घातली. साहेबांच्या सहीची जागा कोरी राहिली.

तिचं रजिस्ट्रेशन रद्द करायचं पत्र काही त्यांनी पाठवलं नाही. पाठवलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. फक्त बोलावून सांगितलं, दुसरा मार्गदर्शक शोध. सप्टेंबरात ते परदेशी गेले आणि चव्वेचाळीस, अठ्ठावीस वाचून टाळ्या घेऊन आले. माझी एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर त्याच्या आधीच संपली. एक दिवस घरी बसले. दुसऱ्या दिवशी गेले तर नवी ऑर्डर नव्हती. गुलाबी फाइल कुठं गेली विचारलं, तर कारकून म्हणाला, “कुठली फाइल?”

डबा आणि चपला पिशवीत भरून मी फाटकाबाहेर आले, तर बस थांब्यावर नीलिमा. तिची ट्रंक सोबत. पुण्याला चालली होती. तिथं एक मार्गदर्शक बाई तिला घ्यायला तयार झाल्या होत्या. विषय नवा, सगळं पहिल्यापासून.

मला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल. नोकरी घालवली होती मी तिच्यापायी. निदान मी तसं स्वतःला सांगत होते.

“काय गं, जाताना भेटायचंही नाही?” मी म्हणाले.

“भेटून काय बोलू, मावशी? पाया पडू?”

“मी तसं म्हटलं का?”

“तुमच्या चेहऱ्यावर आहे.” ती रस्त्याकडे बघत बोलत होती. “शेवटी तुम्ही खरं केलंत. मान्य. पण माझी तीन वर्षं गेली ती सरांमुळे नाही गेली. सरांना तर शेवटच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी कळलं. तुम्हाला सहा वर्षं माहीत होतं की वरच्यांना हात लागत नाही.”

“मी सांगितलं होतं स्टोअरला. तीनदा लिहून दिलं.”

“स्टुलाचं लिहून दिलंत. उंदरांचं का नाही दिलं?”

“ऑर्डर निघाली नसती.”

“आता तरी कुठं निघाली?”

बस लांबून येताना दिसली. तिनं ट्रंक उचलली.

“काल मी जुन्या वह्या काढून मोजले,” ती म्हणाली. “वर्षाला चार तुकड्या, सहा वर्षं. नऊशे साठ उंदीर झाले. तुम्ही लाड केलेले आणि न केलेले मिळून. एकाचाही काही उपयोग झाला नाही. पुण्याला मला कुणी विचारलं ना, हाताळणी का लिहून ठेवता एवढी, तर मी तुमचं नाव सांगणार आहे.”

हे ती चांगल्या अर्थानं म्हणाली की वाईट, ते तिनं मला कळू दिलं नाही. बस थांबली. ती चढली. वाहकानं मला विचारलं, “बाई, येताय का?” मलाही त्याच बसनं जायचं होतं. मी नाही म्हणाले.

पुढच्या बसला पाऊण तास होता. तेवढा वेळ मी थांब्यावर उभी राहून निरगुडकरला शिव्या दिल्या, मोठ्यानं, नाव घेऊन. दोन माणसं लांब सरकून उभी राहिली. देऊन देऊन तोंड कोरडं पडलं तरी राग उतरेना. मग त्याचं नाव सोडलं, माझं घेतलं आणि पहिल्या शिवीपासून पुन्हा सुरुवात केली.